नाम्पेयोची मडकी आणि श्रेयाचा हिशेब

संग्रहालयात जुन्या भांड्याखाली पाटी असते. त्यावर गाव, काळ आणि कधी कधी ते खणून काढणाऱ्या साहेबाचं नाव असतं. घडवणारीचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतं. आज जिचं नाव टिकलं अशा एका बाईबद्दल लिहितोय. नाव टिकलं खरं, पण श्रेय मात्र बराच काळ दुसऱ्यालाच मिळत राहिलं.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात होपी लोकांची गावं आहेत, सपाट माथ्याच्या उंच टेकड्यांवर वसलेली. त्यातल्या हानो गावात १८६० च्या आसपास नाम्पेयो जन्मली. आई तेवा, वडील होपी. नावाचा अर्थ 'न चावणारा साप'.

तिथे मडकी घडवणं हे बायकांचं काम. आपल्या कुंभारासारखं चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणायची, युक्का नावाच्या झाडाच्या पानाच्या कुंचल्याने नक्षी काढायची. मग भट्टी न लावता, उघड्यावरच मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या आगीत भाजायचं.

जवळच सिक्यात्की नावाचं, शेकडो वर्षांपूर्वी ओसाड पडलेलं गाव होतं. तिथल्या पिवळसर भांड्यांवरची पक्ष्यांची, पिसांची नक्षी बघत राहावी अशी. १८९५ मध्ये फ्यूक्स नावाच्या संशोधकाने तिथे उत्खनन केलं. खोदणाऱ्या मजुरांत नाम्पेयोचा नवरा लेसू होता, असं सांगतात. पुढे गोष्ट अशी रूढ झाली की साहेबांनी उत्खनन केलं, नाम्पेयोला जुने नमुने दिसले आणि मेलेली कला जिवंत झाली.

मीही आधी हेच वाचलं होतं आणि मुकाट्याने मानलंही होतं. पण तारखा जुळत नाहीत हो! उत्खननाच्या आधीपासूनच ती जुनी नक्षी काढत होती. टेकड्यांभोवती जुन्या खापऱ्या विखुरलेल्या होत्या, आणि कीम नावाचा तिथला व्यापारी जुन्या पद्धतीच्या भांड्यांना गिऱ्हाईक मिळवून देत होता. म्हणजे उत्खननाने तिच्यासमोर आणखी नमुने आले, हे खरं. पण हात आणि नजर तिचीच होती.

आणि ती नुसती नक्कल नव्हती. सिक्यात्कीची भांडी दगडी कोळशावर भाजलेली, हिची लेंड्यांवर. जुने आकार आणि रेषा घेऊन तिने स्वतःची मांडणी उभी केली. गंमत बघा, तिची भांडी कोणी प्राचीन म्हणून खपवेल, ही भीती खुद्द फ्यूक्सलाच वाटत होती!

१९०५ मध्ये एका पर्यटन कंपनीने ग्रँड कॅन्यनच्या काठावर 'होपी हाऊस' उभारलं. नाम्पेयो तिथे कुटुंबासह राहून प्रवाशांसमोर मडकी घडवायची. तिचे फोटो जाहिरातीत झळकले. भांड्यांवर मात्र तिची सही नसायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून आज तिचं भांडं ओळखायचं तर रेषेवरून, नाहीतर जुन्या नोंदींवरून.

पुढे डोळ्यांच्या आजाराने तिची नजर जात गेली. तरी हात थांबले नाहीत. बोटांनी चाचपून ती भांडं घडवायची. रंगवायचे लेसू आणि मुली. १९४२ मध्ये ती गेली. ॲनी, नेली, फॅनी या मुलींनी काम पुढे नेलं, मग नाती-पणतींनी. त्यांच्या भांड्यांच्या बुडाशी आता सही असते.

मला ती सही फार महत्त्वाची वाटते. कला 'वाचवणाऱ्याचं' नाव इतिहासात पटकन लागतं. जिच्या बोटांत ती कला जिवंत होती, तिला मात्र आपण नमुना समजतो.

पुढच्या वेळी 'अमुक साहेबांनी लुप्त कला शोधून काढली' असं वाचलंत, तर एकच प्रश्न विचारा: त्या वेळी ती कोणाच्या हातात होती?