साखळी, आणे आणि डीएक्सएफ : नकाशा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना

आजचा विषय संगणकातल्या ड्रॉइंगचा आहे, पण सुरुवात आपण साखळीपासून करू. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर भागात जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि घाट उतरून आपल्या कर्जत-खालापुरातही आली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. टिपणावर मोजणीदार नुसते आकडे मांडायचा. साखळी किती फुटांची हे प्रत्येक कागदावर लिहायची गरज नव्हती, कारण वाचणाराही त्याच खात्यातला असे.

आता दीडशे वर्षं पुढे येऊ. ऑटोडेस्क कंपनीनं १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड आणलं आणि त्याच्यासोबत डीएक्सएफ आलं. हेतू सरळ होता. एका प्रोग्रॅममधल्या रेघा, कमानी, अक्षरं साध्या मजकुरात उतरवायची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला ती वाचता येतील. पण फाइलमध्ये रेघेची लांबी ३३ असेल तर ३३ काय? फूट, मीटर, की मिलिमीटर? पुष्कळ वर्षं याची पक्की नोंदच फाइलमध्ये नसायची. ‘इन्सयुनिट्स’ नावाचा रकाना ऑटोकॅड २००० बरोबर आला, आणि तो न भरलेल्या फाइली आजही फिरतात. काढणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो लिहीत नाही. टिपणाचीच गोष्ट, फक्त वाचणारा आता दुसऱ्या खात्यातला.

याचा परिणाम लगेच डोळ्याला दिसत नाही, हे यातलं सगळ्यात वाईट. फुटांत काढलेला एक गुंठा मीटर समजून उघडला तर चौकोन चौकोनच दिसतो. क्षेत्रफळ मात्र १०.७६ पट होतं, म्हणजे एका गुंठ्याचे पावणेअकरा गुंठे! तो गावनकाशावर ठेवला की मगच शेजाऱ्याच्या बांधावर चढलेला दिसतो. यावर उपाय जुनाच आहे. ज्याची लांबी जागेवर मोजलेली आहे अशी एक रेघ, दोन हद्दीच्या दगडांमधली, ड्रॉइंग उघडल्यावर मोजून बघायची. तिचा आकडा जुळल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही.

छोट्या फरकाचं दुखणं वेगळं. सातबारा हेक्टर-आरमध्ये आला, आणि बोलताना लोक गुंठा म्हणजेच आर धरू लागले. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. चाळीस गुंठ्यांना चाळीस आर धरलं तर एकरामागे सुमारे ५०४ चौरस फूट कमी होतात. आपल्याकडे तेवढ्यात एक घर उभं राहतं.

आता अक्षरांकडे येऊ. युनिकोडच्या आधीचे श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथं गावाचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा काला. ऑटोकॅडचे स्वतःचे रेघी फाँट, एसएचएक्स, सोबत पाठवले नाहीत तर प्रश्नचिन्हं उमटतात किंवा भलताच फाँट येतो. सीमा बरोबर असते, पण हिस्सा २अ की २ब हेच वाचता येत नाही. मग जमीन कुणाची? पाठवणाऱ्यानंच मजकूर युनिकोडमध्ये बदलावा हे उत्तम. मजकुरात पुढं बदल करायचा नसेल तर अक्षरं फोडून रेघा कराव्यात, आणि सोबत पीडीएफ द्यावी, म्हणजे मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा राहतो.

युनिकोड करूनही भागतंच असं नाही. काही प्रोग्रॅमना जोडाक्षर रचता येत नाही. तिथं ‘खालापूर’ सुखरूप दिसतं, कारण त्यात जोडाक्षर नाही. ‘कर्जत’मधला रफार मात्र ज वर न चढता सुटा पडतो. शेजारी-शेजारी दोन तालुके, एक शाबूत आणि एक मोडलेला.

आणि नाव नीट उमटलं तरी ते कुठल्या खान्यात शोधायचं? १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये खालापूर हा कर्जतचा पेटा आहे, आणि कर्जत ठाणे जिल्ह्यात. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्यात गेलं, १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. जमीन जागची हलली नाही, पण जुना कागद शोधणाऱ्याला हा प्रवास माहीत हवा.

शेवटचा दोष जरा गमतीचा. ड्रॉइंग यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये असेल तर आपल्या भागाचा उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून सुमारे २० लाख ९० हजार मीटर येतो. काही प्रोग्रॅम, विशेषतः त्रिमितीचे, पडद्यावर दाखवताना आकडे ३२ बिटांत ठेवतात. त्यांत एवढ्या मोठ्या आकड्याची सगळ्यात लहान पायरी १२.५ सेंटीमीटर. आकडा २०,९७,१५२ च्या पुढं गेला की ती २५ होते, आणि ही रेषा नेमकी कर्जत आणि नेरळच्या मधून जाते. तिच्या अलीकडे असा पडदा भिंत अर्धी पायरी, म्हणजे सुमारे सहा सेंटीमीटरपर्यंत हलवेल, पलीकडे साडेबारापर्यंत. जवळून बघितलं की गोल कोपरे दातेरी होतात, रेघा थरथरतात. फाइल खराब नसते, आकडे आत शाबूत असतात.

उपाय म्हणजे सगळं ड्रॉइंग उचलून शून्याजवळ आणायचं. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासारख्या, सुमारे ३० किलोमीटरच्या कामात मात्र प्रत्येकानं आपल्या सोयीनं शून्य ठरवला तर तुकडे पुन्हा जुळायचे नाहीत. म्हणून पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती सरकवलं, हे दोन्ही आकडे ड्रॉइंगच्याच कोपऱ्यात मजकूर म्हणून लिहून ठेवायचे. मराठीत लिहिणार असाल तर कर्जतचा रफार जागेवर बसतोय ना, तेवढं आधी बघून.