पाचवी गोळी

फत्तेपूर सिक्री, १५८०. राजवाड्याला लागूनच असलेल्या कारखान्यात तुम्ही पाऊल टाकता आणि भात्याच्या धापेसरशी कोळशाची धग तोंडावर येते. गोव्याहून आलेले पाद्री यंदाच इथे पोचलेत. त्यांच्यातला मोन्सेरात पुढे या कारखान्यांविषयी लिहिणार आहे. तुम्ही थेट ऐरणीपाशी जा. खरी विद्या तिथे आहे.

पूर्वी बंदुकीची नळी करायला लोखंडाची पट्टी वळवून तिच्या दोन कडा एकमेकींना भिडवत. सांधा नळीच्या लांबीभर सरळ. दारू जरा जास्त झाली की नळी तिथेच उकलायची, आणि तिच्या सगळ्यांत जवळ असायचं ते बंदूक धरणाऱ्याचं तोंड. म्हणून पाव नळीपलीकडे दारू भरत नसत. तुमच्यासमोरचा कारागीर तापलेली पट्टी तिरपी गुंडाळतोय, कागदाची सुरळी करावी तशी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवतो, हळूहळू ताव देतो, ठोकतो, पुन्हा ताव देतो. आता सांधा नळीभोवती फिरत जातो. दारूच्या रेट्याला उकलायला सरळ रेघच सापडत नाही. या कामात निम्मं लोखंड जळून, झडून जातं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या युक्तीचं श्रेय बादशहाला दिलंय. मला वाटतं, ती ऐरणीपाशी राबणाऱ्या हातांनाच सुचली असणार. उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं त्याच ग्रंथाने जपली, हे केवढं मोठं काम!

पलीकडे बैल चाक फिरवतोय. एका वेळी सोळा नळ्या साफ होतात.

नळी जुन्या दस्त्यावर चढवतात, तिसरा हिस्सा दारू ठासतात, बार काढतात. गोळी वाकडी गेली तर नळी तापवून आत गज घालून सरळ करतात आणि मग कानसवाल्याच्या हाती देतात. आता जवळ जाऊन नळीवरची अक्षरं वाचा: कच्च्या लोखंडाचं वजन, तयार नळीचं वजन, लोखंड कुठलं, घडवली कुणी, कुठे, कधी, कितवी. बादशहाच्या बंदुकीवर लोहाराचं नाव! त्यावरून बोट फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंग न चढलेल्या बंदुकीला इथे ‘सादा’ म्हणतात. तिच्यासोबत पाच गोळ्या आत जातात, कारण बादशहा ती स्वतः चालवून पाहतो. अकबराची आवडती बंदूक ‘संग्राम’. ‘आईन’ लिहिली जाईपर्यंत तिने टिपलेल्या जनावरांचा आकडा १,०१९ वर पोचणार आहे. याच अकबराने दोनच वर्षांपूर्वी पंजाबातल्या भेऱ्याजवळ, हाकाऱ्यांनी हजारो जनावरं घेरून आणलेली असताना, अचानक शिकार थांबवून सगळी सोडून दिली होती.

आतून एक बार ऐकू येतो. दुसरा. कारागीर हात पुसायचा थांबतो. तिसरा, चौथा. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी सेवक बंदूक घेऊन बाहेर येतो आणि उरलेली पाचवी गोळी कारागिराच्या तळहातावर ठेवतो. आता दस्त्याला रंग कोणता द्यायचा, एवढंच ठरायचं आहे.