रविवार, ट्राम आणि वाणाची वाटी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला आणि विषयही सुचविला : थोड्या पैशांत सुटीची मौज कशी करावी आणि भेटवस्तू कशी द्यावी. विषय घरगुती खरा. पण काटकसरीच्या युक्त्या मी आपणां भगिनींना काय सांगाव्यात? त्या आपल्यापैकी प्रत्येकीला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. म्हणून मी जरा मागे जाऊन पाहावयाचे ठरविले. आपल्या गिरणगावातल्या माणसांना सुटी मिळाली केव्हा, ती त्यांनी कशी घालविली, आणि एकमेकांना त्यांनी दिले काय, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात येत नाही. तो आपल्या माळ्यावर आणि फडताळात पडून असतो.

सुटी म्हटली की रविवार. हा रविवार आपल्याला पंचांगाबरोबर आयता मिळाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांतून पूर्वी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि ठरावीक साप्ताहिक सुटी अशी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या. मालकांनी दाद दिली नाही. मागणी सहा वर्षे चालू राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याची सुटी आली.

त्या एप्रिलच्या सभेत दोन कामगार बायकाही भाषण करावयास उभ्या राहिल्या होत्या. दहा हजारांच्या जमावासमोर, १८९० साली! लोखंड्यांचे २००५ साली टपालाचे तिकीट निघाले, ते योग्यच झाले. त्या दोघींची आठवण मात्र आपल्यासारख्या मंडळांनीच ठेवावयास हवी.

आता गंमत पाहा. रविवार मिळाला तो गिरणीला. चुलीला तो मिळाला नाही. उलट त्या दिवशी घरचे पुरुष घरी, मुले घरी, चहा दोनदा जास्त आणि जेवण साग्रसंगीत. कोकणातून नि घाटावरून एकटे आलेले कामगार ज्यांच्याकडे जेवत, त्या खाणावळवाल्या बायकांची गोष्ट तर विचारूच नका. दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसांचे दोन्ही वेळचे रांधावयाचे. रविवारी गिरणी बंद असे, पोटे बंद नसत. त्यांची दखल घेऊन प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते १९७५ साली, म्हणजे गिरणीच्या रविवारानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

म्हणूनच मला वाटते की, बाईच्या दृष्टीने खरा रविवार म्हणजे घराबाहेर पडण्याचा रविवार. आणि आपल्या भागात बाहेर पडणे म्हणजे राणीचा बाग. भायखळ्याचा हा बाग १८६२ साली लोकांसाठी उघडला. आज त्याला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे, पण तोंडात राणीचा बागच येतो. जवळच १८७२ साली म्युझियम उघडले. १९७५ पासून त्याला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्याच्या बाहेर दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. आईबरोबर मी लहानपणी तो पुष्कळदा पाहिला, आणि त्याची हकीकत पुढे मोठेपणी वाचली. हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच परक्या लोकांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला. तुकडे मुंबईत आले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. घारापुरीच्या लाँचचे भाडे सहा माणसांना आम्हाला परवडण्यासारखे नव्हते. पण घारापुरीचा हत्ती मात्र आम्ही फुकटात पाहिला!

दादरहून येणारी ट्राम परळ, लालबागवरून भायखळ्याकडे जाई. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. त्या वेळी मी आठवीत होते. आईचा नियम असा, की जाताना चालावयाचे आणि येताना ट्रामने यावयाचे. कारण येताना धाकटा झोपलेला असे. खर्चाचे पैसे पदराच्या गाठीत. १९५७ साली नवे पैसे आले तरी गाठ सोडताना ती आणेच मोजी. डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी, आणि पाण्याला फिरकीचा तांब्या. बाहेर विकत घ्यावयाचे ते फक्त भाजलेले शेंगदाणे, एक पुडी, आणि ती वाटण्याचा मान आळीपाळीने एकेका मुलाचा. हिरवळीवर सतरंजी पसरली की आई तिच्यावर आडवी होई. घरात मी तिला दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नाही. मात्र त्या दशम्यांसाठी ती पहाटे चारला उठलेली असे, हेही येथे नमूद केले पाहिजे. आपल्या जुन्या सहलींचे कौतुक करताना हा पहाटे चारचा हिशेब आपण नेहमी गाळतो.

मुंबईत अशा स्वस्त जागा पुढे वाढल्या. १८८१ पासून मलबार हिलवर पाण्याच्या टाक्यांवरची बाग होतीच. समोर कमला नेहरू पार्क १९५२ साली झाले आणि म्हातारीच्या बुटाची मुलांना केवढी अपूर्वाई! १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय आले. सार्वजनिक बाग हे गरिबाचे दिवाणखाने आहेत, असे माझे मत आहे. राणीच्या बागेचे तिकीट २०१७ साली पाच रुपयांवरून पन्नास झाले, आईबाप नि दोन मुले असतील तर शंभर. पेंग्विन पाहावयाचे तर पैसे पडणारच, हे मला समजते. पण हिरवळीवर नुसते आडवे व्हावयास येणाऱ्या बाईने काय करावे?

आता भेटींविषयी. आमच्या माळ्यावरची भांडी मी गेल्या दिवाळीत खाली काढून त्यांवरची नावे वाचली. भांड्यांवर नाव घालण्याची आपली चाल फार उपयोगी आहे. कोणी दिले, कोणाला दिले, केव्हा दिले, सारे ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले. जुन्यांत पितळ, तांबे. नंतरच्यांत सारे स्टीलच. आणि दोन प्रकारची भांडी निराळी ओळखू येतात. मोठी भांडी आहेराची : कळशी, पातेले, परात. लहान ती हळदीकुंकवाच्या वाणाची : वाटी, चमचा, करंडा.

आहेराची वही असते. कोणी किती घातले ते पाहून परत तेवढेच, शक्य तर सव्वा पट, घालावयाचे. या वहीपायी कर्ज काढलेली घरे मी पाहिली आहेत. वाणाला वही नसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जी जी बाई हळदीकुंकवाला येईल तिला सारखेच वाण. मुकादमाच्या बायकोला जी वाटी तीच झाडूवालीला. निदान आमच्या मजल्यावर तरी तसे होते. त्यातही एक खोट होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही : विधवेला त्या दिवशी कोणी बोलावीत नसे. आपल्या मंडळाने सर्व स्त्रियांचे तिळगूळ एकत्र करावयाचे ठरविले, तेव्हा किती चर्चा झाली ते जुन्या सभासदांना आठवत असेल.

पैसा कमी आणि माया जास्त, अशी भेट पाहावयाची तर हलव्याचे दागिने पाहावेत. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला किंवा बाळाच्या बोरनहाणाला हे घालतात. सामान म्हणावे तर साखर आणि मूठभर तीळ, खसखस किंवा साबुदाणा. शेगडीत कोळशाची आच अगदी मंद ठेवावयाची, वर परात, परातीत तीळ. साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडीत बोटांनी सारखे फिरवावयाचे. पाक वाळला की पुन्हा थोडा. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर रंग जातो. दोन-तीन दिवस असे चालले म्हणजे दाण्यावर काटा उभा राहतो. थंडी चांगली असली की काटा चांगला येतो, म्हणून ढगाळ हवा दिसली की आजी देवाला हात जोडी. मग तो हलवा पुठ्ठ्यावर नि दोऱ्यात बसवून मंगळसूत्र, तोडे, बाजूबंद, नथ. बाळाला मुकुट आणि बासरी. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि साखर मोजून मिळू लागली. आजी सांगे, की त्या वर्षी मजल्यावरच्या पाच घरांनी चहात गूळ घालून साखर जमविली आणि एका सुनेचे दागिने पुरे केले. ते दागिने पाची घरांचे असल्यामुळे ते घालून ती सून पाची घरी पाया पडावयास गेली.

बाळंतविड्याचेही तसेच. कुंची, झबली, टोपडी, दुपटे आणि गोधडी. गोधडीला नवे कापड चालतच नाही. आजीचे जुने नऊवारी धुऊन धुऊन मऊ झालेले असते, तेच बाळाला बोचत नाही. विकत आणावयाचा तो फक्त दोरा.

मे महिन्यात कोकणात जाताना आईची ट्रंक भरली जाई, ती तर दोन महिने आधीपासून. कोणाला काय हवे हे ती पत्रांतून काढून घेई, पण विचारीत नसे. आजोबांच्या पत्रात पावसाचा उल्लेख आला की छत्री. आत्याच्या बांगडीचे माप म्हणून गावाहून पाकिटात दोरा येई, त्या दोऱ्याच्या मापाने लालबागच्या कासाराकडून डझनभर काचेच्या बांगड्या. बाकी चहापूड, साबण, गोळ्या-बिस्किटे. परत येताना तीच ट्रंक आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी यांनी भरून येई. मुंबईच्या दुकानातून आणलेले काय आणि आत्याने उन्हात वाळविलेले काय, यांत मोठे कोणते हे आमच्या घरी कोणी ठरविले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यांच्यामागे घरे. माझे यजमान त्यांतले एक. त्या दिवाळीत आहेराची वही पहिल्यांदा बंद झाली. कोणी कोणाला काही घालू शकत नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही. भाऊबीजेला भावाने ओवाळणीत सुपारी घातली, ती मी घेतली. पण १९८३ च्या संक्रांतीला हळदीकुंकू करावे की न करावे, असा प्रश्न मजल्यावर पडला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "वाण बंद केलं तर एकमेकींच्या घरी जायचं कशाच्या निमित्तानं?" मग ठरले, की एकीने एकच वस्तू लुटावयाची आणि ती उपयोगाचीच हवी. एकीने सुया दिल्या, एकीने काडेपेटी, एकीने मिठाची पुडी. मी दोऱ्याचे रीळ सुटे करून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून दिले. हळदीकुंकवाला जाता जाता कोणाच्या घरी चूल पेटली नाही, तेही बायकांना न बोलता कळे, आणि परतताना ताटलीवर रुमाल झाकून काहीतरी पोहोचते होई. पुष्कळ गिरण्या नंतर उघडल्याच नाहीत. ज्यांची भोंग्यावर उठण्याची सवय गेली नाही, अशी माणसे आपल्या आळीत अजून आहेत.

आता आपल्या मंडळाच्या वार्षिक सहलीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण चिटणीसबाईंनी तेही मागितले आहे. गेल्या वर्षी घारापुरीची सहल ठरली. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवार धरला. त्याच सभेत मी ठराव मांडला, की सहलीचा डबा त्या दिवशी घरातील पुरुषमंडळींनी करून द्यावा, म्हणजे पहाटे चारला बायकांना उठावे लागणार नाही. ठराव हसतखेळत मंजूर झाला. एकोणतीस जणी आलो. अकरा जणींच्या डब्यांत पोळी-भाजी होती, त्यांतली दोघींची तर फारच उत्तम, आणि बाकीच्यांकडे केळी आणि पाव. त्रिमूर्ती पाहून झाल्यावर झाडाखाली आम्ही ते सारे एकत्र करून खाल्ले आणि मग तासभर आडव्या झालो. माकडांनी केळ्यांतली निम्मी नेली.