‘डिंक’ म्हटल्या गेलेल्या पेशी

माझ्या थोरल्या बहिणीला तिशीत मल्टिपल स्क्लेरोसिस जडला. सुरुवातीला एका डोळ्याची दृष्टी मंदावे, पाय लुळे पडत आणि काही आठवड्यांत बरेचसे पूर्ववत होई. पन्नाशीनंतर मात्र जे गेले ते परतले नाही. “आधी भरून यायचे, आता का नाही?” तिच्या या प्रश्नाने मला, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाला, या विषयाच्या इतिहासात ओढले.

चेतातंतूंभोवती, विजेच्या वायरीला असते तसे, मेदयुक्त आवरण असते. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी त्याला ‘मायेलिन’ म्हटले. चेतापेशींच्या अधल्यामधल्या भागाला त्यांनी दिलेले नाव ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा डिंक. नावामुळे ग्रह झाला: डिंक चिकटवतो, काम करत नाही.

तो ग्रह मोडणाऱ्यांत माद्रिदचे पिओ देल रिओ-ओर्तेगा प्रमुख. चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची नवी पद्धत त्यांनी बसवली आणि १९२१ मध्ये मोजक्या फांद्यांची एक पेशी वेगळी ओळखून दाखवली: ऑलिगोडेंड्रोसाइट. मायेलिन हीच पेशी घडवते, असे त्यांचे अनुमान होते. त्याआधीच, १९२० मध्ये, नोबेलविजेते काहाल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेतून काढले होते. पुढे यादवी युद्धाने देशही सुटला. १९४५ मध्ये ते ब्वेनोस आयरिसला वारले.

पुराव्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९६१ मध्ये रिचर्ड आणि मेरी बंज व हान्स रिस यांनी प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत उघडे पडलेले तंतू पुन्हा मायेलिनने वेढले गेल्याचे दाखवले. नवा थर पातळ होता; पण प्रौढ वयातही दुरुस्ती होते, हे सिद्ध झाले. १९८३ मध्ये रॅफ, मिलर आणि नोबल यांनी उंदराच्या दृष्टिचेतेत या पेशींची पूर्वज पेशी शोधली. अशा राखीव पेशी प्रौढ मेंदूभर असतात, हे पुढे कळले.

मग म्हातारपणी अडते कुठे? २०१२ मध्ये तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्ध उंदरातली दुरुस्ती सुधारली, कारण तरुण रक्तातल्या पेशींनी तुटक्या मायेलिनचा कचरा उचलायला मदत केली. म्हणजे उतारवयात राखीव पेशी संपलेल्या नसतात. कचरा साचतो आणि त्या पेशींची वाढ अर्ध्यावर थांबते.

ताईला हे सांगितले. “म्हणजे माणसे आहेत, काम अडलेय,” ती म्हणाली. ते काम पुन्हा सुरू करणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. पण तिच्या प्रश्नाला आज निदान उत्तर आहे.