जुन्या पीसीत किती ओव्या मावतात?

आधी थोडं गणित करू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 वेळा घेतलेलं माप, आणि प्रत्येक माप 16 बिटचं. डावा-उजवा असे दोन्ही चॅनेल धरले, तर मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा लागते. 1996 च्या सुमारास घरगुती संगणकात एखाद-दोन जीबीची हार्ड डिस्क असायची. विंडोज आणि बाकीच्या पसाऱ्यानं आपली जागा घेतली, की उरायचं जेमतेम तास-दोन तासांचं ध्वनिमुद्रण.

त्याच काळात पुण्यातली काही माणसं महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होती. शेवटी जमलं 120 तासांहून जास्त. म्हणजे आजच्या हिशेबात अंदाजे 76 जीबी. तुमच्या हातातल्या फोनमध्ये ते मावेल. तेव्हाच्या पीसीत? तशा साठ ते एकशेवीस पीसींची रांग लावावी लागली असती.

हे काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण त्यांचं काम पुण्यात आणि मुळशीसारख्या डोंगराळ भागातल्या गरीब माणसांमध्ये. दोघांनी पुण्यात सामाजिक संशोधनाची एक सहकारी संस्था उभी केली आणि गावातल्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. वीसेक वर्षांत एक लाख दहा हजारांवर ओव्या कागदावर आल्या, एक हजाराहून जास्त गावांतून. सीता, माहेर, भाऊ, मारकुटा नवरा, पंढरीची वाट, डॉ. आंबेडकर. पहाटेच्या अंधारात दळताना बाईला जे बोलावंसं वाटलं, ते सगळं त्यात आहे.

घाई करणं भाग होतं. गावात पिठाची गिरणी आली की जातं कोपऱ्यात जातं. जातं थांबलं की ओवी म्हणायचं निमित्तच संपतं, आणि सुनेला सासूकडून ती ऐकायला मिळत नाही. शब्द वहीत उतरवता येतात, पण ओवी नुसती शब्दांत नसते. गाणारी ओळ पुन्हा घेते, मध्येच ‘ग बाई’ घालते, जात्याच्या फेऱ्याबरोबर एखादं अक्षर ताणते. वहीत हे सगळं गळून पडतं. ओवी कागदावर चार सेकंदांत वाचून होते. गाताना तिला तिचा वेळ लागतो.

मग हे कोण ध्वनिमुद्रित करणार होतं? रेकॉर्ड कंपन्या? भारतात त्यांचं काम 1902 मध्ये कोलकात्यात सुरू झालं. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. त्यात बसेल ते आणि बाजारात खपेल ते गाणं. पुण्यात आकाशवाणीचं केंद्र 1953 मध्ये आलं, पण स्टुडिओ म्हणजे बोलावणं यायला हवं, प्रवास करायला हवा, घड्याळाकडे बघत गायला हवं. दळण टाकून बाई कुठे जाणार? तेव्हा यंत्रालाच तिच्या घरी जावं लागलं. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात स्टुडिओंची नावं मोठ्या अक्षरांत असतात. मला विचाराल तर हा घरी गेलेला रेकॉर्डर त्यांच्याहून मोठा आहे.

नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संगणकतज्ज्ञ या कामात आले. छोट्या संगणकाकडून मोठं काम काढून घेण्याची त्यांना सवय होती. 1980 च्या दशकात त्यांनी जेम्स किपेन यांच्याबरोबर लखनौच्या तबल्याचे कायदे समजून घेण्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली लिहिली होती, तीही अ‍ॅपल टू कुळातल्या संगणकावर. त्याची मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही.

ओव्यांच्या कामात संगणकाला झेपेल तेवढंच त्याला दिलं गेलं. आवाज गेला डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपच्या छोट्या कॅसेटवर. संगणकात गेली यादी: ओवी कुठली, गाव कुठलं, गाणारी कोण, विषय काय. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही तोच. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज कुणीही नावानिशी शोधून ऐकू शकतं ते या यादीमुळे. नाहीतर ती ‘एक अज्ञात ग्रामीण स्त्री’ झाली असती.

पुढे डॅटचंच काय झालं पाहा. 1987 मध्ये सोनीनं ती बाजारात आणली, आणि 2005 च्या अखेरीस तिची यंत्रं बनवणं थांबवलं. अठरा वर्षं. टेप ठणठणीत, पण वाजवायला यंत्र नाही, ही वेळ त्यामुळे जगभरच्या संग्रहांवर आली. शिवाय टेपवरचा आवाज संगणकात घ्यायचा तर पेन ड्राइव्हसारखं कॉपी-पेस्ट नसतं. 120 तासांची टेप 120 तास वाजवावी लागते. रोज आठ तास बसलात, तर पंधरा दिवस. ओव्यांचा आवाज वेळेत तिथून बाहेर निघाला. ही सामग्री गुरगावच्या संगीत-अभिलेखागारात राहिली, मग फ्रान्सला गेली, आणि मार्च 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर एकेक करून सगळ्यांसाठी खुली होऊ लागली. पॉइतवाँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. दोघांनाही ते पाहायला मिळालं नाही.

तुमच्या घरी डॅट नसेल. कॅसेट मात्र असते. माळ्यावरच्या डब्यात, मराठी गाण्यांच्या कॅसेटवर मागाहून टेप केलेलं आजीचं काहीतरी. आणि त्याच माळ्यावर बहुधा एक जुना पीसीही असतो. तो भंगारात द्यायची घाई करू नका. एका आवाजाला, सीडीच्या दर्जात, सेकंदाला फक्त 88 किलोबाइट लागतात. वीस वर्षांपूर्वीच्या डिस्कलाही ते सहज झेपतं. जुना संगणक धापा टाकतो तो दहा-वीस ट्रॅक एकदम वाजवताना, किंवा गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकवताना. कॅसेट उतरवून घ्यायला यातलं काहीच लागत नाही.

2000 साली आलेलं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मशीन जुनं असेल तर त्याची जुनी आवृत्ती घाला, किंवा विंडोज काढून हलकं लिनक्स टाका. इंटरनेट बंद ठेवा. सॉफ्टवेअरमधला बफर मोठा ठेवा, म्हणजे आवाज मध्येच तुटणार नाही. टेप डेकची वायर मागच्या निळ्या खाचेत लावा. गुलाबी खाच माइकची, तिथे टेपचा आवाज फाटतो. निळी खाच नसेल तर लाइन-इन असलेलं यूएसबीचं छोटं साउंड कार्ड चालतं. वायर तपकीर गल्लीत मिळेल. डेकसाठी जुन्या बाजारात एखादी चक्कर मारावी लागेल, आणि तो घेण्याआधी वाजवून पाहा, कारण आतला रबरी पट्टा बहुतेक वेळा सैल पडलेला किंवा विरघळलेला असतो.

घुर्रर्र असा सतत आवाज आला, तर तो आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा. अर्थिंग तपासा, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवा. कॅसेट थोडा जास्त आवाज सोसून घ्यायची, डिजिटलमध्ये वरचं टोक कापलं गेलं की परत येत नाही. आजी अजून गात असेल, तर मग माइक लावा, सीपीयू लांब ढकला, पंखा बंद करा, खिडकीवर गोधडी टाका. शेजारचा कुकर आणि बाहेरचा हॉर्न तरीही येणारच. येऊ द्या. ओव्यांमागेही जात्याची घरघर आहे.

थेट एमपीथ्री करू नका, आधी वेव्ह फाइल ठेवा. टेपमधली खरखर काढायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर काढा. एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू दे. आणि ‘न्यू रेकॉर्डिंग 14’ असं नाव राहू देऊ नका. वर्ष, गाव, गाणारीचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. ते कुणाला विचारायचं असेल तर याच रविवारी विचारा.