लाइट: एक वजनाची, एक उजेडाची

धाराशिव जिल्ह्यात ‘लाइट’ म्हणजे दिवा नव्हे. दिव्याला बल्ब म्हणतात, ट्यूब म्हणतात. लाइट म्हणजे तारेतून येणारी वीज. “लाइट कवा येणाराय?” असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला उजेडाशी देणंघेणं नसतं, त्याला विहिरीवरची मोटार सुरू करायची असते. कृषिपंपाची पाळी रात्रीची असली, तर लाइट आली की हाच माणूस बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला निघतो.

या लाइटीचा गोतावळा मोठा. लाइटीचा डांब, लाइटबिल, थ्री फेजची लाइट. सांगितलेलं उशिरा डोक्यात शिरणारा तो ट्यूबलाइट. पण शर्टाचा रंग ‘लाइट निळा’ असतो आणि रुसलेल्या दोस्ताला ‘लाइट घे’ म्हणतात, तेव्हा निदान त्या दोस्तापुरता तरी शब्दच बदललेला असतो. इंग्रजीत हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. काळाच्या ओघात त्यांचं स्पेलिंग एक झालं, इतकंच. उजेडाचा ‘लाइट’ संस्कृतातल्या चमकणे या अर्थाच्या ‘रुच्’ धातूच्या नात्यातला. वजनाचा ‘लाइट’ मात्र ‘लघु’च्या घरातला. प्राकृतात ‘लघु’तल्या अक्षरांची अदलाबदल होऊन आपला ‘हलका’ घडला, म्हणजे ‘लाइट’ आणि ‘हलका’ ही चुलत भावंडंच ठरतात. इंग्रजीत वाहनातून उतरण्याला ‘अलाइट’ म्हणतात, तेही घोड्यावरून उतरून त्याचं ओझं हलकं करण्यावरून. आणि इंग्रज खाटीक जनावराच्या फुप्फुसांना ‘लाइट्स’ म्हणत आला, कारण वजनाला ती फार हलकी!

या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आधी पोचली ती ही हलकी लाइट, रुळांवरून.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. कुर्डुवाडीहून बार्शीसारख्या व्यापारी पेठेला मोठी रेल्वे परवडणार नाही, पण छोटी परवडेल, हे त्याने हेरलं. १८९५मध्ये लंडनला ‘बार्शी लाइट रेल्वे’ कंपनी नोंदली गेली आणि १८९७मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी सुरू झाली. नावातला ‘लाइट’ शब्दशः खरा होता. रुळांमधलं अंतर अडीच फूट, रूळ बारीक, आणि कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा नियम. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला, की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा हिशेब. जगभरच्या अरुंद रेल्वेंसाठी बार्शी लाइट नमुना ठरली ती त्यामुळेच. (याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. माणसं आणि माल कमी भारात सुखरूप उतरवण्याचा नादच म्हणायचा!)

पुढे ही गाडी इंग्रजी मुलूख सोडून निजामाच्या हद्दीत शिरली. येडशी, ढोकी करत १९११मध्ये ती लातूरला पोचली. तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होतं. १९८२मध्ये ते वेगळं झालं. दुसरीकडे पंढरपूरमार्गे १९२७मध्ये तिने मिरज गाठलं, आणि कॅलथ्रॉप वारला तोही त्याच वर्षी. १९५४मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बार्शी लाइट’च राहिलं. घरातल्या लाइटीवर वाढलेल्या पिढीला हे नाव दिव्याचं वाटलं, तर तिला दोष देता येणार नाही.

या हलक्या गाडीने जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र बगल दिली होती. उतरायचं येडशीला आणि पुढचं पुढे बघायचं. शहरात रेल्वे स्टेशन आलं ते रुळांमधलं अंतर साडेपाच फूट झाल्यावर. लातूरकडून ब्रॉडगेज २००७मध्ये आली आणि २००८मध्ये कुर्डुवाडीकडचा जोड पूर्ण झाला.