काटा हलत नाही तेव्हा

मंडळी, चार महिने नेमाने चालायला जाऊनही वजनाचा काटा जागचा हलत नाही, ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. आमच्या नात्यातल्या दोघातिघांनी तर याच वैतागात बूट माळ्यावर टाकलेत. खास त्यांच्यासाठी थोडा इतिहास, तोही आपल्या पुण्यातलाच.

पेठांमधल्या तालमीत प्रगती मोजायची ती जोर-बैठकांत. काल पन्नास निघाले, आज साठ निघाले, म्हणजे अंगात काहीतरी मुरलं. टिळक 1873 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात आले तेव्हा तब्येतीने अगदीच किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम आणि पोहण्यात घालवलं. ही कमाई पुढे मंडालेच्या सहा वर्षांत (1908-14) कामी आली असणार. पण गंमत बघा, याच टिळकांना पुढे मधुमेहाने गाठलं. म्हणजे शरीराच्या आत काय चाललंय हे वरून कळत नाही.

आता वजनाचं गणित. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायची कल्पना बेल्जियमच्या केतलेची, 1832 सालची. तो संख्याशास्त्रज्ञ, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. कोणाला जाडा किंवा बारीक ठरवणं हा त्याचा हेतूच नव्हता. 1972 मध्ये अ‍ॅन्सेल कीजने त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं आणि मग तो आकडा दवाखान्यांतून सगळीकडे पोचला.

या आकड्याची मर्यादा फार झकास दाखवली ती पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! दोघांच्या आडनावांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात.

हे मुळापासूनच आहे. पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हाडापेराने बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. वरून बारीक, आतून जाड.

मग घरी काय मोजायचं? पहिलं म्हणजे कंबर. शिंप्याची टेप पुरते. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. त्याच वजनाच्या स्नायूपेक्षा चरबीला जागा जास्त लागते, त्यामुळे चरबी जाऊन स्नायू आला तर काटा तिथेच राहतो आणि पँट सैल होते. दुसरं, पर्वती चढताना कितव्या पायरीला धाप लागते. तिसरं, बैठका किती निघतात. दर महिन्याला वहीत लिहून ठेवा, आणि मधुमेह घराण्यात असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या.

काट्याला फक्त वजन कळतं हो. ते कशाचं आहे, हे त्याला कुठून कळणार?

तेव्हा माळ्यावरचे बूट खाली काढा. रविवारी पर्वतीवर भेटू.